बांधीतल्या पायघड्या

"पत्रात बांधी मोकळी ठेवा म्हनलं होतं ना जी?" कौशल्याबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

तेजराम वाकून नव्याकोऱ्या धोतराच्या कोपऱ्यावर ढेकूळ ठेवत होता. "मंग? मोकळीच हाय ना. ढोरं नाही, तनस नाही. पायघड्या घालू नोका असं लिवलं हाय काय त्यानं?"

तसं लिहिलं नव्हतं खरं. त्यांच्या पोरानं, इश्वरनं, एवढंच कळवलं होतं की, फवारणीच्या कंपनीत हेलिकॉप्टर शिकणारे आता दोघंच उरलेत आणि कंपनी एकालाच ठेवणार आहे. गुरुवारी त्याची शेवटची परीक्षा. साहेब शेजारी बसणार, यानं शेतात हेलिकॉप्टर उतरवून दाखवायचं. साहेबाची मनधरणी करून त्यानं आसगावची घरचीच बांधी, धानाचं रिकामं खाचर, ठरवून घेतली होती.

दोन दिवस वारा पडलेला. खळ्यात मळलेलं धान वाऱ्यावर उपणून भूस उडवायचं राहिलं होतं, त्यामुळे तेजरामला वेळच वेळ होता. धानाची खुटं त्यानं मुळापासून कापली, बांधी अंगण झाडावं तशी झाडून काढली. तरी त्याचं समाधान होईना. नवरदेव दारात आला तर आपण पायघड्या घालतो, आणि पोरगा आभाळातून येणार तो काय नुसत्या मातीवर पाय ठेवणार? दिवाळीला इश्वरनंच आणलेलं धोतर त्यानं घडी मोडून बांधीच्या मधोमध अंथरलं.

आवाज आला तसं सारं गाव धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गोळा झालं. हेलिकॉप्टर झाडांवरून आलं आणि बांधीवर येऊन हवेतच थांबलं. काचेतून दोन डोकी दिसत होती. डावं कोणाचं, उजवं कोणाचं ते कळेना, तरी तेजराम दोन्ही हात हलवत राहिला. हेलिकॉप्टर हळूहळू खाली आलं. धूळ उठली. ढेकळं घरंगळली, धोतर सुटलं आणि फडफडत वर गेलं, थेट त्या फिरत्या पात्यांकडे. हेलिकॉप्टर एकदम कलंडल्यासारखं झालं, तिरकं होऊन वर उसळलं आणि आलं तसं निघून गेलं.

मग शेजारच्या दादाजीनं टाळी वाजवली. "सलामी देऊन गेला ना गा पोरगा!"

मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. धोतर बाभळीला अडकलं होतं. काढताना ते टरकन फाटलं, तरी तेजरामनं त्याची नीट घडी केली, खांद्यावर टाकली आणि दिवसभर गावात मिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इश्वर एस.टी.तून उतरला तो पत्र्याची पेटी घेऊनच. पेटी ओट्यावर ठेवून तो तिच्याजवळच बसला. कौशल्याबाई पाणी घेऊन आली.

"उतरला काहून नाही गा काल?" तेजरामनं विचारलं.

"साहेबानं माह्या हातातून चालवाचा दांडा घेतला, बाबा. साहेबाले हात लावा लागला का परीक्षा खतम."

"मंग आता?"

"आता दुसऱ्या पोराले ठेवतीन."

तेजराम त्याच्यासमोर खाली बसला. "कायले घेतला? काय चुकलं तुह्यं?"

इश्वरनं अंगणातल्या दोरीकडे पाहिलं. कौशल्याबाईनं धोतर धुऊन वाळत टाकलं होतं. फाटलेला काठ खाली लोंबत होता. तो पाणी प्याला, गिलास खाली ठेवला.

"काही नाही, बाबा. वारा लय होता काल."

एवढ्यात खळ्याकडून दादाजीची हाक आली. "तेजराम, चाल गा! तीन दिवसानं आज पान हाललं. उपनून घेऊ!"

अंगणात वाऱ्याची झुळूक शिरली. दोरीवरचं धोतर फुगून वर उचललं गेलं. इश्वरची उजवी मूठ गुडघ्यासमोर हवेतच दांडा धरल्यासारखी आवळली आणि झटकन मागे आली. आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं, तसा त्यानं हात मांडीखाली दाबला.

तेजरामनं ते पाहिलं. आपल्या हातांनी ठेवलेली चारही ढेकळं त्याला दिसली. तो उठला आणि दोरीवरचं धोतर ओढून काढून घडी घालू लागला. काल खांद्यावर मिरवलेली ती घडी आज काही केल्या जमेना.

"इश्वर, काल ते..."

"जा, बाबा," इश्वर हळूच म्हणाला. "वारा हाय तवर उपनून घ्या."