स्क्रीन गेलेला लॅपटॉप

ओसारोनं दोन्ही लॅपटॉपच्या कळांवरून बोटं फिरवली, आतल्या पंख्यांचा आवाज कान लावून ऐकला आणि डावीकडच्यावर हात ठेवून तो म्हणाला, “हा द्या.”

“अहो, तो नव्हे!” दुकानदार ओबिओरा घाईघाईनं पुढे वाकला. “तो सुटे भाग काढायला ठेवलाय. स्क्रीन मेलीय त्याची. तुमचा हा उजवीकडचा. मॉडेल तेच, वेग तोच, आणि स्क्रीन बघा कशी लख्ख!”

“बघतो की,” ओसारो म्हणाला आणि हसला.

ओबिओरानं जीभ चावली. ओसारो जन्मापासून आंधळा होता. काळा चष्मा लावत नसे, त्यामुळे लोकांची अशी फजिती व्हायची आणि खरं सांगायचं तर त्याला ती आवडायचीसुद्धा.

त्याची मोठी बहीण इसोकेन मात्र हसली नाही. ती ओशोडीच्या बाजारात कापडाचा गाळा चालवायची. आज इकेजाच्या या कॉम्प्युटर बाजारात दुकानं उघडता उघडताच ती भावाला घेऊन हजर झाली होती. पहिलं गिऱ्हाईक लागोसचा व्यापारी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही, भवानी बिघडली की दिवस बिघडतो, हे तिला स्वतःच्या गाळ्यावरून पक्कं ठाऊक. भाव पाडून घ्यायचा होता तिला. सोमवारपासून ओसारो एका वकिलाकडे कोर्टातली रेकॉर्डिंगं ऐकून टाइप करायला लागणार होता. पहिली नोकरी.

“चांगलाच घ्यायचा,” ती म्हणाली. “आंधळ्याच्या गळ्यात मोडका माल मारला, म्हणतील लोक. माझ्या तोंडाला काळं फासायचंय का?”

“ताई, वापरणार मी का लोक?”

“आणि माझ्या भवानीचं काय?” ओबिओरा कळवळला. “दिवसाची पहिली विक्री मेलेल्या लॅपटॉपची? नको हो बाबा! संध्याकाळपर्यंत माशा मारत बसेन मी. हा चांगला घ्या, अजून थोडे कमी करतो.”

“मेलाय कुठे?”

ओसारोनं डाव्या लॅपटॉपचं बटण दाबलं, जरा थांबला आणि मग स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज सुरू करायच्या तीन कळा एकदम दाबल्या. काळ्या स्क्रीनमागून एक बाई भराभरा बोलायला लागली. ओबिओरा दचकून मागे सरला. त्यानं छातीवर क्रूसाची खूणसुद्धा केली.

तेवढ्यात लाईट गेली. गल्लीत एकामागून एक जनरेटर धडधडायला लागले. उजवीकडची लख्ख स्क्रीन मंदावली. डावीकडची बाई आपली बोलतच होती.

“ऐकलंस?” ओसारो म्हणाला. “बॅटरी खाते ती स्क्रीनच. हा जास्त वेळ चालेल. शिवाय किंमत निम्मी. उरलेल्या पैशात दुसरी बॅटरी येईल.”

हिशेब बिनचूक होता, आणि बिनचूक हिशेबाला नाही म्हणणं इसोकेनच्या स्वभावात नव्हतं. तरी तिचं मन घेईना. लहानपणापासून तीच त्याला वाचून दाखवत आली होती. शाळेचे निकाल, बँकेचे कागद, औषधांच्या बाटल्या. त्याच्या फोनवर काही आलं की फोन बोलायच्या आधीच हिनं वाचलेलं असायचं.

“अरे, पण मला नको का दिसायला?” ती म्हणाली. “काही चुकलं तर कोण बघणार? चांगला घे. तू एकटा असशील तेव्हा ठेव स्क्रीन बंद.”

“तू चालू करशील.”

“म्हणजे?”

ओसारोनं लॅपटॉपमधल्या बाईला गप्प केलं.

“इबादानच्या त्या मुलीनं मला लिहिलेलं तू सगळ्यांसमोर वाचलंस. जेवताना. सगळे हसले. मीपण हसलो, ताई, काय करणार होतो? मग रात्री उत्तर लिहायला बसलो, तर तू मागे उभी. तुझ्या बांगड्या वाजतात. मी सगळं पुसून टाकलं.”

ओबिओराला एकाएकी पलीकडच्या फळीवरची धूळ दिसली. तो फडकं घेऊन तिकडे गेला.

इसोकेनच्या तोंडाशी खूप काही आलं. तुझ्यासाठी मी काय काय केलं, हे तर सगळ्यात आधी आलं. तिला राग आला, मग लाज वाटली. कमरेच्या कापडाची गाठ सोडून तिनं पैसे काढले आणि काउंटरवर ठेवले.

“डावीकडचा द्या.”

“पण मॅडम, माझी भवानी...”

“एवढा घडाघडा बोलला तो, ऐकलंस ना? मेलेलं बोलतं का कुठे? देतोस का जाऊ शेजारच्या दुकानात?”

ओबिओरानं पैसे उचलले, कपाळाला लावले आणि हेडफोन फुकट दिला.

ओसारोला धीर कुठला! त्यानं तिथेच स्टूल ओढलं, हेडफोन कानांवर चढवला आणि टाइप करायला लागला. एक ओळ झाली की थांबायचा, ऐकायचा, पुन्हा लिहायचा. मध्येच तो स्वतःशीच हसला. काहीतरी पुसलं आणि पुन्हा तेच लिहिलं असावं.

इसोकेन त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. एका हातानं तिनं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या होत्या.

दारातून थोडा उजेड येत होता. काळ्या काचेत तिला तिचाच चेहरा दिसला, वाकून बघणारा.