टी ऑन टेबल

चहाचा कप टेबलावर ठेवून प्रमिलाबाई नवऱ्यासमोर बसल्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर हुपरीकर सरांचा हात सावरला होता, वाचा मात्र अडखळत होती. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाला स्वतःची मोडकीतोडकी वाक्यं सहन होईनात, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. "असेच गप्प राहिले, तर आहेत तेही शब्द जातील," असं डॉक्टरांनी काल बजावलं होतं.

"अहो, मला इंग्रजी शिकवा की," बाई म्हणाल्या.

सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बाईंनी कपाकडे बोट दाखवलं.

"टी ऑन टेबल."

सरांच्या कपाळाला आठी पडली. ही आठी बघून एके काळी अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा.

"टी ऑन टेबल," बाई पुन्हा म्हणाल्या, जरा जास्तच ठासून. "बरोबर आहे ना?"

सरांचं बोट वर आलं. "इज!" ते म्हणाले. मग दम खाऊन, एकेक शब्द ओढून काढत त्यांनी वाक्य उभं केलं, "टी... इज... ऑन... द... टेबल. बारके शब्द... गाळायचे... नाहीत!"

"चुकलंच की माझं," बाई हसू दाबत म्हणाल्या.

स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना बाहेरच्या खोलीतली सरांची शिकवणी त्यांनी तीस वर्षं ऐकली होती. हे वाक्य त्यांनी झोपेतसुद्धा अचूक म्हटलं असतं. उद्या कुठला शब्द गाळावा, याचा विचार करत त्या गार झालेला चहा पुन्हा गरम करायला उठल्या.