चिंधी न सोडणारं यंत्र

"मेल्या, एक चिंधीसुद्धा सोडत नाहीस! बाळाची गोधडी कशाची शिवू?" सोलापुरातल्या गणवेशांच्या कारखान्यात नागमणीनं कापड कापणाऱ्या बोलत्या यंत्राला भर दुपारी झापलं. पूर्वी कुणाच्या घरी बाळ येणार असलं, की प्रत्येकीच्या टेबलावरची एकेक चिंधी जमायची आणि बाळाची गोधडी व्हायची. यंत्र आलं, तसं कापड वाया जाईना आणि काम उन्हं कलायच्या आत उरकू लागलं. मालक खूश होते. इकडे नागमणीची लेक बाळंतपणाला आली होती आणि चिंध्यांची टोपली रिकामी होती.

काम संपलं, तरी यंत्र पुन्हा घरघरलं. टोपलीत निळे, खाकी, चौकड्यांचे वेडेवाकडे तुकडे पडले. नागमणी टोपलीकडे धावली.

"अगं बाई, माझ्या बोलण्यानं बिघडलं की काय हे?"

"बिघडलेलं नाही, मावशी," यंत्र म्हणालं. "प्रत्येक टेबलाच्या वाचलेल्या कापडातून एक तुकडा काढलाय. बाळासाठी."

तिचा जीव भांड्यात पडला. तरी ती फणकारलीच, "मग अख्खी गोधडीच कापायचीस की!"

"ती माझ्या एकट्याची झाली असती."

निघालेल्या बायकांनी पिशव्या खाली ठेवल्या. दिवस अजून बराच शिल्लक होता. तोही यंत्रानंच वाचवला होता. नागमणीनं सुई ओवली.