आतलं कापड

"घडी मोडू नकोस हं," दवाखान्यातल्या पडद्याआडून टेलरने बायकोच्या हातात पँट दिली.

"नाही मोडत. इथून लग्नालाच जायचंय ना आपल्याला," ती म्हणाली.

डॉक्टरबाई हसत आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हसत नव्हत्या. टेबलावरचा सोनोग्राफीचा रिपोर्ट त्यांनी पुन्हा उघडला.

"काका, सूज कधीपासून आहे?"

"झाले आठेक दिवस," आतून आवाज आला. "पाणी भरलं असेल. म्हातारपणी भरतं म्हणे."

"पाणी नाही. अंडकोशात गाठ आहे. तुमच्या वयात ही क्वचित होते, पण झाली की थांबत नाही, पसरते. म्हणून विचारते. खरंच आठच दिवस?"

"आठच. हिला विचारा की."

बायको हो म्हणणारच होती. पण जन्म शिलाईत गेलेला, बोलता बोलता तिचा हात सवयीने पँटच्या आत, शिवणीवर गेला. जांघेजवळ थांबला.

शिवण उसवून पुन्हा घातली होती. शेजारी जुन्या टाक्यांची भोकं होती. त्यांच्याही पलीकडे आणखी जुनी. शिवण सरकत सरकत पार कडेला टेकली होती.

एकदा तिने त्याला पँट उसवताना पकडलं होतं. "पोट सुटलंय गं, तुझ्या हातचं खाऊन," तो म्हणाला होता. ती खूश झाली होती. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात थोडं कमी वाढायला लागली होती.

तिने पँट उलटी केली आणि डॉक्टरबाईंसमोर टेबलावर पसरली.

"हे आठ दिवसांचं नाही हो, बाई. हा पट्टा आधी शिवणीच्या आत होता. बघा केवढा विटलाय. सहा-आठ महिने तरी धुतलाय मी हा. माझ्या हातांनी."

डॉक्टरबाईंनी पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "काका, आधी का नाही आलात?"



"आत कापड होतं," टेलर म्हणाला, "तोवर भागत होतं."

डॉक्टरबाईंनी फोन उचलला. गाठ कुठवर पसरलीय ते बघायला पोटाचं स्कॅन आजच करायचं होतं.

बायकोने पँट सुलटी केली. दोन्ही पायांच्या कडा जुळवल्या, तळहाताने इस्त्री केल्यासारखी दाबली आणि पडद्याच्या फटीतून आत धरली.

"घ्या," ती म्हणाली. "घडी नाही मोडली."