रविवारचा वास

"येतोय का गं अजून?" यतीनने नहाणीतून विचारलं.

बेबीताईंनी नाक वर करून दोनदा श्वास ओढला. "थोडा येतोय रे. मागच्या रविवारपेक्षा कमी आहे, पण येतोय."

खरं तर त्यांना काहीच येत नव्हतं. मोठ्या साथीत ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. शेजारच्या घरात मसाला किंचित करपला तरी ज्यांना कळायचं, त्यांना आता स्वतःच्या शेगडीपाशी डोळे लावून उभं राहावं लागे. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. यतीनला कळलं असतं तर गॅस सुटला तर काय, म्हणून त्याने त्यांना दुसऱ्याच दिवशी उचलून ठाण्याला नेलं असतं. मग फणसवाडीची ही जागा विकायला तो मोकळाच.

जागेचा विषय त्याने एकदाच काढला होता, अण्णांच्या वर्षश्राद्धाला. "मी इथूनच जाणार, तुझ्या वडिलांसारखी," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर कितीतरी महिने पोरगा फिरकला नाही.

मग वाडीच्या मागची मैल्याची टाकी तुंबली. तळमजल्यावर राहवेना, असं लोक म्हणू लागले. यतीन धावत आला, उभा राहून टाकी उपसवून घेतली, दुपारभर थांबला. वास गेला आणि यतीनही गेला. पुढच्या शनिवारी बेबीताईंना राहवेना. त्यांनी फोन उचलला आणि ठोकून दिलं, "वास परत येतोय रे."

तो आला. नहाणीत उकिडवा बसला, इकडेतिकडे हुंगलं, आईकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हो की. येतोय खरा."

बेबीताईंना भरून आलं. वास नव्हताच. शेजारची कांता त्याच सकाळी "सुटलो बाई एकदाचे" म्हणून पलंगावर ऐसपैस बसून चहा पिऊन गेली होती. म्हणजे पोराने आईचं खोटं ओळखलं आणि पोटात घातलं. मग दर रविवारी हा खेळ सुरू झाला. तो हत्यारांची पिशवी घेऊन यायचा, दार लोटून आत खुडबुड करायचा आणि त्या बाहेर स्टुलावर बसून वाडीभरच्या गोष्टी सांगायच्या. बंद दाराआडून का होईना, मुलगा हुंकार देत होता.

सल एकच होता. तो जेवायचा नाही. त्या सकाळपासून खपून कोलंबीचं खडखडलं करायच्या आणि तो डबा भरून घ्यायचा. "देविका थांबलीय जेवायची," असं बायकोचं नाव पुढे करायचा. आपल्या हाताची चव गेली, हे त्यांनी मनाशी कबूल करून टाकलं. नाकच नाही तर हिंगाचा अंदाज लागणार कसा? कांतासुद्धा हल्ली आत येत नसे. तिला बारमाही सर्दी, त्यामुळे उंबऱ्यातूनच पदर नाकाला लावून बोले.

"यतीन करतोय ना काहीतरी?" ती विचारी.

"करतोय तर! दर रविवारी येतो," बेबीताई तोऱ्यात सांगत. कांता मग उंबऱ्यातूनच मागे फिरे.

दिवाळीत त्यांनी नहाणीच्या जाळीखालची पितळेची वाटी घासायला चिंच भिजवली. ती वाटी अण्णांनी मुद्दाम बसवून घेतली होती. तिच्यात पाणी राहिलं की टाकीचा वास वर येत नाही, म्हणायचे. पण यंदा गुडघे वाकेनात. "राहू दे गं, तिथे हात घालू नकोस. मी बघतो," यतीन म्हणाला. पोराच्या या मायेचं त्यांना दिवसभर कौतुक वाटत राहिलं.

आज मात्र तो नहाणीतून बाहेर आला तो तोंडाला रुमाल बांधलेला, घामाने निथळत. भिंतीला टेकून खालीच बसला.

"आई, थकलो मी. हा वास काही जायचा नाही. अशात माणसाने राहायचं कसं, तूच सांग."

बेबीताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या एका थापेपायी पोर बायकोमुलीला टाकून इतके रविवार संडासाशेजारी बसलं. त्याने आपल्यासाठी एवढं करावं आणि आपण चार भिंती कवटाळून बसावं?

"काढून टाक जागा," त्या म्हणाल्या. "येते मी ठाण्याला."

यतीनने वाकून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "उद्याच एकजण बघायला येईल. थांब, शेवटचा एक हात मारून घेतो."

तो आत गेला आणि लगेच बाहेर आला. फिनेल ओतलं, खिडक्या उघडल्या. त्या दुपारी तो आईसमोर पाटावर बसून जेवला. खडखडलं दोनदा मागून घेतलं. बेबीताई वाढत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागा बघायला माणूस यायचा म्हणून त्या आवराआवर करत असताना कांता आली ती थेट पलंगावर येऊन बसली. पदर खांद्यावर होता.

"सर्दी गेली वाटतं तुझी?"

"कसली सर्दी?" कांताने मोठा श्वास घेतला. "वास गेला की हो, बेबीताई! दिवाळीच्या आधीपासून तुमच्या दारात उभं राहवत नव्हतं. एकट्या बाईला कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले. काय केलं तरी काय यतीनने?"

बेबीताईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. नहाणीत जाऊन, भिंतीचा आधार घेत, कळ सोसत त्या खाली बसल्या आणि जाळी उचलली. पितळेची वाटी जागेवर होती, पाण्याने भरलेली. त्यांनी ती बाहेर काढून उलटी केली. तिला शेवाळ नव्हतं, गाळ नव्हता. बुडाला फक्त वर्तमानपत्राचा एक तुकडा चिकटला होता, गुंडाळून माळ्यावर टाकलेल्या भांड्याला चिकटतो तसा.