गिरणीवरचा मोर

शहाण्णव साली इंदापुरात रस्तारुंदीत तालमीची भिंत पाडली. तिच्यावर जालिंदर पेंटरनं रंगवलेले पैलवान होते. त्या दिवशी समोरच्या पिठाच्या गिरणीपाशी दिगंबर पेंटरनं सगळ्यांना चहा पाजला. गिरणीच्या भिंतीवर त्याचा मोर होता, पण त्या पैलवानांपुढं त्याच्याकडं आजवर कुणी मान वळवून बघितलं नव्हतं. आता बघायला तेवढा मोरच उरला होता.

पुढच्या महिन्यात पुण्याहून अंजलीताई आल्या. गावं बदलतात तेव्हा तिथल्या कलाकारांचं काय होतं, यावर त्यांची पीएचडी चालली होती. त्या दिवसभर जालिंदरला मोकळ्या जागेसमोर बसवून गेलेल्या पैलवानांबद्दल विचारत होत्या, टेप करत होत्या. ढिगाऱ्यातले रंगाचे पोपडेसुद्धा त्यांनी कागदात बांधून घेतले.

दिगंबरच्या पोटात दुखायला लागलं. "ताई, आमचा मोर हितंच हाय. जरा बघा की."

"तुमचा बघू नंतर," त्या म्हणाल्या. "तो काय, आहेच अजून."

 

दुसऱ्या दिवशी नगरपालिका उघडायच्या आत दिगंबर दारात उभा होता. "सायेब, रस्ता आमच्या बाजूनं बी जरा रुंद करा की."