घरातला आवाज

"सुरुचीजी, घर में छोटी बच्ची है, मशीन में अपनी आवाज़ मत डालिए," बोलता प्रोग्राम बनवायला शिकवणारे पवनजी म्हणाले, तेव्हा ती हसली होती. सोडाल्यातल्या घरी कॉम्प्युटरवर तिनं नमस्कार, आकडे आणि माफी एवढंच रेकॉर्ड केलं होतं.

आज क्लासहून परतताना जयपूरच्या जौहरी बाजारात नवरा समोर दिसला, तोही एकटा.

"अभिजित, कीर्तीला कुणावर टाकून आलास?" ती कडाडली.

"तुझ्यावरच की! आतल्या खोलीतून तूच म्हणालीस ना, मी आलेय, तू जा?"

संतापानं तिनं बूथवरून घरी फोन लावला. तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "कीर्ती माझ्या मांडीवर आहे. पुन्हा फोन करू नका."

ती बूथवाल्याला ओरडून म्हणाली, "अहो, सोडाल्यात कोणी आहे का तुमचं? आधी माझ्या लेकीला बघून यायला सांगा!"